कोकणच्या सागरी मार्गावर रात्रीचा मुक्काम कुठे करावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई किंवा पुण्याहून स्वतःच्या गाडीने निघून, समुद्र उजव्या हाताला ठेवत, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांतून दक्षिणेकडे जाणाऱ्या प्रवाशांना डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरे लिहिली आहेत. उलट दिशेने येणाऱ्यांनी मुक्कामांचा क्रम उलटा धरावा. मात्र खाडी आणि फेरीबोटीविषयी पुढे जे सांगितले आहे ते दोन्ही दिशांना सारखेच लागू पडते.

सागरी मार्ग म्हणजे नेमका कोणता रस्ता?

मुंबई–गोवा महामार्ग, म्हणजे पूर्वीचा क्रमांक १७ आणि आताचा ६६, हा महाड, चिपळूण, राजापूर, कणकवली असा समुद्रापासून बराच आत धावतो आणि त्यावरून प्रवास करणाऱ्याला समुद्र जवळजवळ दिसतच नाही. सागरी मार्ग रायगडातील रेवसपासून सिंधुदुर्गातील रेडीपर्यंत किनाऱ्यालगत जातो. बॅरिस्टर अ. र. अंतुले यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळापासून हा रस्ता रेवस–रेडी या नावाने ओळखला जातो. तो एकसलग, एकाच रुंदीचा महामार्ग आहे अशी कल्पना करून निघू नये. कुठे तो दुपदरी आणि गुळगुळीत आहे, कुठे एका गावाच्या बाजारपेठेतून रिक्षांच्या मधून वाट काढतो, तर कुठे खाडीच्या धक्क्यावर येऊन चक्क संपतो आणि पलीकडच्या काठावर पुन्हा सुरू होतो.

संपूर्ण मार्गासाठी किती रात्री धराव्यात?

नऊ किंवा दहा. त्याहून कमी सवड असेल तर मार्गाचे दोन भाग करून एकच भाग निवडावा: अलिबाग ते गुहागर, किंवा रत्नागिरी ते रेडी. चार रात्रींत सगळा किनारा उरकू पाहणाऱ्यांच्या हाती स्टिअरिंगशिवाय फारसे काही लागत नाही.

एका दिवसात किती अंतर कापणे योग्य?

शंभर, फार तर सव्वाशे किलोमीटर. शहरात बसून नकाशा पाहणाऱ्याला हा आकडा हास्यास्पद वाटतो, परंतु वळणे, घाट्या, गावातले गतिरोधक, फेरीबोटीची वाट पाहणे आणि दर वळणावर गाडी थांबवण्याचा मोह हे सारे धरले तर ताशी पंचवीस ते तीस किलोमीटरच पदरात पडतात. शिवाय मुक्कामाच्या गावी दुपारी चारच्या आत पोहोचावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. एक तर ज्या समुद्रासाठी एवढा खटाटोप केला, तो उजेड असेपर्यंतच दिसतो. दुसरे म्हणजे गुहागर, दिवेआगर किंवा दापोलीजवळचे मुरूड अशा गावांत राहण्याची ठिकाणे नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये असतात आणि तिथवर जाणाऱ्या गल्लीच्या दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे असतात. दिवसा त्या गल्लीतून मोठी गाडी आरसे मिटवून सहज जाते. अंधारात, समोरून दुसरी गाडी आली की दोघांपैकी एकाला पार रस्त्यापर्यंत मागे यावे लागते, आणि तो एक बहुधा पाहुणाच असतो.

मुक्कामाचे गाव ठरवताना सर्वांत आधी काय पाहावे?

खाड्या. पर्यटनस्थळांची यादी, समुद्रकिनाऱ्यांची छायाचित्रे, हॉटेलांचे अभिप्राय हे सगळे नंतर. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या समुद्राला मिळताना रुंद खाड्या करतात आणि त्या खाड्यांनी हा किनारा तुकड्या-तुकड्यांत तोडला आहे. काही खाड्यांवर पूल आहेत: रेवदंड्याला कुंडलिकेवर, रत्नागिरीजवळ भाट्याला, पूर्णगडला, देवगड आणि कुणकेश्वर यांच्यामध्ये मिठमुंबरीला. उरलेल्या चार ठिकाणी गाडी फेरीबोटीत चढवून पलीकडे न्यावी लागते. उत्तरेकडून पाहिल्यास आगरदांडा ते दिघी ही राजपुरीची खाडी, बागमांडला ते वेसवी ही सावित्रीची म्हणजे बाणकोटची खाडी, दाभोळ ते धोपावे ही वाशिष्ठीची खाडी आणि तवसाळ ते जयगड ही शास्त्री नदीची खाडी. या खाड्यांवर मोठे पूल बांधण्याच्या योजना आहेत. पूल वाहतुकीला खुला झाला आहे याची खात्री होईपर्यंत मात्र बेत फेरीबोट धरूनच करावा.

यावरून मुक्कामाचा साधा नियम निघतो. एका दिवसात एकच फेरीबोट घ्यावी, ती सकाळी घ्यावी, आणि रात्री झोपायला अशा गावी जावे जिथून दुसऱ्या दिवशीचा धक्का तास-दीड तासाच्या अंतरावर असेल. संध्याकाळी शेवटची फेरी गाठण्याच्या भरवशावर पलीकडच्या काठावरील खोली आरक्षित करणे हा सर्वांत महाग पडणारा हिशेब आहे. सकाळी गर्दी कमी असते, एक बोट चुकली तरी पुढची मिळते, आणि त्या दिवशी सेवा बंदच असेल तर वळसा घालण्यासाठी उजेडाचा आख्खा दिवस हाताशी राहतो.

फेरीबोट बंद असेल तर वळसा किती पडतो?

दाभोळचे उदाहरण घ्या. दापोलीहून दाभोळला उतरून, खाडी ओलांडून, धोपाव्याहून गुहागरला गेल्यास रस्त्याचे अंतर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास भरते. हेच खेड आणि चिपळूणमार्गे केल्यास शंभर किलोमीटर होतात आणि अर्धा दिवस जातो. बाणकोट खाडीला आंबेत–म्हाप्रळच्या पुलाचा पर्याय आहे, तर जयगडच्या खाडीला राई–भातगावचा पूल आहे; हे दोन्ही वळसे लांबचे असले तरी रस्ता हिरवागार आहे. दिघीचा वळसा म्हसळ्याकडून घ्यावा लागतो आणि तो कंटाळवाणा आहे.

फेऱ्यांच्या वेळा ऋतूनुसार बदलतात. त्यामुळे आदल्या रात्री मुक्कामाच्या यजमानांनाच विचारावे. त्यांच्याकडे धक्क्यावरच्या कोणाचा तरी क्रमांक असतोच, आणि त्यांचे उत्तर कोणत्याही वेळापत्रकापेक्षा ताजे असते.

भरती-ओहोटीचा मुक्कामाशी काय संबंध?

पर्यटक ज्याचा विचार सर्वांत कमी करतात, अशी ही बाब आहे. समुद्रालगतची खोली महागड्या दराने घेतली आणि फिरायच्या वेळेला पाणी थेट सुरूच्या झाडांपर्यंत आलेले असेल, तर वाळूवर पाऊल ठेवायलाही जागा उरत नाही. कोकणात यासाठी एक जुना तोंडी हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चारचे पाऊण म्हणजे तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला पंधराचे पाऊण म्हणजे सव्वाअकरा. ही वेळ दिवसा आणि रात्री दोन्हीकडे धरायची आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, जागेनुसार तास-अर्ध्या तासाचा फरक पडतो, तरी मुक्काम ठरवायला तो पुरेसा आहे.

याचा अर्थ असा की पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास सूर्यास्ताला ओहोटी असते आणि आंजर्ले, गुहागर, कुणकेश्वर अशा किनाऱ्यांवर वाळूचे पटांगण मोकळे होते. अष्टमीच्या सुमारास नेमक्या संध्याकाळी भरती असते. ती भांगाची, म्हणजे कमी जोराची भरती असली तरी अरुंद किनाऱ्यांवर फिरायला जागा ठेवत नाही. अशा दिवशी किनाऱ्यापेक्षा उंचावरचे ठिकाण निवडलेले बरे. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेचा खडकांवरून जाणारा भाग तर ओहोटीलाच करायचा असतो. भरतीच्या वेळी तिथे उतरणे जिवावर बेतू शकते. तेव्हा ज्यांना प्रदक्षिणा करायची आहे त्यांनी तिथी पाहून, सकाळच्या ओहोटीला हाताशी असावे म्हणून हरिहरेश्वरलाच झोपावे. एरवी तिथे राहण्याचा आमचा आग्रह नाही.

रायगड जिल्ह्यात पहिला मुक्काम कुठे? अलिबागला?

अलिबागला नको. शनिवार-रविवारी मुंबईची निम्मी गर्दी तिथेच असते, दरही त्याच मानाने चढलेले असतात, आणि मुंबईपासून शंभर किलोमीटरवर थांबल्याने पुढचे सगळे दिवस लांबतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यापर्यंत रो-रो बोटीने गाडी नेल्यास उलट सकाळीच अलिबाग ओलांडता येते. मग रेवदंडा, कोर्लईचा किल्ला, काशीद असे करत दुपारपर्यंत मुरूडला पोहोचावे. मुरूडला रात्र काढली की दुसऱ्या दिवशी सकाळी राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा पाहता येतो आणि तिथून आगरदांड्याचा धक्का अगदी जवळ आहे.

त्यानंतरची रात्र दिवेआगरला किंवा श्रीवर्धनला. दिवेआगर शांत आहे, घरगुती जेवण उत्तम मिळते. श्रीवर्धन हे पेशव्यांचे मूळ गाव. तिथे बाजारपेठ, औषधांची दुकाने, पेट्रोल या सोयी आहेत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातील हजारो माडा-पोफळी मोडल्या, त्यामुळे जुन्या छायाचित्रांतील गर्द वाड्या काही ठिकाणी विरळ दिसतील. या दोन गावांना जोडणारा आरावी–शेखाडीचा रस्ता पाण्याच्या इतका कडेने जातो की तो दिवसाउजेडीच करावा. म्हणून दिवेआगरला झोपून सकाळी श्रीवर्धनकडे जाणे हा आम्हाला अधिक पटणारा क्रम आहे.

मुरूडचे आरक्षण करताना काही काळजी घ्यावी का?

अवश्य. जंजिऱ्याजवळचे मुरूड रायगड जिल्ह्यात आहे आणि हर्णैजवळचे मुरूड दापोली तालुक्यात. दोन्ही ठिकाणी समुद्र आहे, दोन्ही ठिकाणी घरगुती निवास आहेत, आणि दोहोंच्या मध्ये दोन मोठ्या खाड्या व एक आख्खा दिवस आहे. वेळासही दोन आहेत, एक श्रीवर्धनच्या बाजूला आणि कासवांसाठी प्रसिद्ध असलेले दुसरे मंडणगड तालुक्यात. पैसे भरण्यापूर्वी तालुका विचारून घ्यावा. (लातूरकडचे तिसरे मुरूड निदान या घोळात येत नाही, कारण तिथे समुद्र नाही.)

दापोली तालुक्यात इतकी गावे आहेत. त्यांतून निवड कशी करावी?

इथे मात्र दोन रात्री काढाव्यात, कारण सबंध मार्गावर इतक्या थोड्या अंतरात इतके वैविध्य दुसरीकडे नाही. केळशी हे जुन्या वळणाचे, आतल्या आत वळत जाणाऱ्या पाखाड्यांचे गाव. पूर्ण निवांतपणा हवा असेल तर तेच. आंजर्ले हे आमच्या मते सर्वांत समतोल ठिकाण आहे. लांबलचक किनारा आहे, टेकडीवर कड्यावरचा गणपती आहे, आणि तिथून सुवर्णदुर्गाकडे पाहण्यासाठी कोणतेही तिकीट लागत नाही. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव भरतो. टोपल्यांभोवती कोंडाळे जमते, लिलाव करणारा भरभर आकडे पुकारतो, नवख्या माणसाला कोणती टोपली कोणाकडे गेली हे कळेपर्यंत ती बर्फात पडलेली असते. हा लिलाव पाहण्यासारखा आहे, पण बंदराचा वास आणि वर्दळ पाहता झोपायला हर्णैपेक्षा आंजर्ले किंवा मुरूड बरे. कुटुंबात लहान मुले किंवा पथ्यपाणी सांभाळणारे ज्येष्ठ असतील, तर डोंगरावर असलेल्या दापोली शहरात मुक्काम ठेवून किनारे दिवसा पाहावेत. तिथे दवाखाने आहेत आणि थंडीत रात्री हवाही सुखद असते.

वेळासला मुक्काम करणे आवश्यक आहे का?

कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहायची असतील तर होय. ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी गावकऱ्यांनी राखलेली असतात आणि फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास, पिल्ले बाहेर आली असतील तर, ती सकाळी लवकर व संध्याकाळी सोडली जातात. सकाळची वेळ गाठायची म्हणजे गावातच झोपलेले असावे लागते. निवास गावकऱ्यांच्या घरीच आहे, साधा आहे, जेवण ओटीवर पंगतीत बसून. त्या दिवशी पिल्ले निघतीलच याची हमी कोणी देत नाही, त्यामुळे जमल्यास दोन पहाटा हाताशी ठेवाव्यात.

गुहागरला राहावे की गणपतीपुळ्याला?

गुहागरला. हे उत्तर अनेकांना रुचत नाही, कारण गणपतीपुळे हे नाव घरोघरी ठाऊक आहे आणि तिथे भक्तनिवासापासून पर्यटन महामंडळाच्या निवासापर्यंत सर्व सोयी आहेत. परंतु सुट्टीच्या दिवसांत आणि विशेषतः अंगारकीला तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि तिथला समुद्र पोहण्यासाठी धोकादायक आहे. गुहागरला किनारा लांब आहे, व्याडेश्वर आणि दुर्गादेवीची देवळे चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, आणि दुसऱ्या दिवशी वेळणेश्वर, हेदवी पाहत तवसाळच्या धक्क्यावर दुपारपूर्वी पोहोचता येते. खाडी ओलांडली की जयगड, मग मालगुंडला केशवसुतांचे स्मारक आणि पुढे गणपतीपुळे. दर्शन घ्यावे, टेकडीची प्रदक्षिणा करावी, आणि दिवस मावळायच्या आत आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी गाठावी. त्या रस्त्यावरच्या चढावरून दोन्ही किनारे एकदम दिसतात. ज्यांना काकड आरतीलाच हजर राहायचे आहे त्यांची गोष्ट अर्थातच वेगळी.

रत्नागिरी आणि मालवण यांच्यामध्ये थांबण्याची गरज आहे का?

बहुतेक जण हा टप्पा एका दमात करतात आणि मार्गातला सर्वांत न गजबजलेला भाग गमावतात. पावस, गणेशगुळे, पूर्णगड, कशेळीचा कनकादित्य, आडिवऱ्याची महाकाली, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड ही सगळी नावे याच पट्ट्यातली. येथे दोन रात्री काढणे उत्तम: पहिली गणेशगुळे किंवा पावसच्या परिसरात, दुसरी विजयदुर्ग, देवगड वा कुणकेश्वरला. विजयदुर्गाचा किल्ला उन्ह उतरल्यावर पाहावा, मात्र गावात राहण्याची सोय मोजकीच आहे हे लक्षात ठेवावे. एकच रात्र असेल तर कुणकेश्वर निवडावे. फक्त महाशिवरात्रीच्या यात्रेत नव्हे, कारण तेव्हा सबंध देवगड तालुकाच तिथे लोटतो.

या पट्ट्यात पेट्रोलपंप आणि एटीएम दूर-दूर आहेत. रत्नागिरी सोडताना टाकी भरावी आणि रोख रक्कम जवळ ठेवावी.

मालवण, तारकर्ली आणि देवबाग यांत काय फरक आहे?

मालवण हे भरवस्तीचे बंदर आहे: बाजार, खानावळी, आणि १६६४ साली ज्याची पायाभरणी झाली त्या सिंधुदुर्ग किल्ल्याला जाणाऱ्या होड्या. तारकर्ली शांत आणि किनाऱ्यालगत आहे. देवबाग ही समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामधली चिंचोळी पट्टी. तिथून पुढे गाडीने जाता येत नाही, आल्या वाटेनेच परतावे लागते. तेव्हा दोन रात्री असतील तर देवबाग, एकच असेल तर मालवण किंवा तारकर्ली. स्कूबा डायव्हिंगसाठी सकाळ मोकळी ठेवावी लागत असल्याने दोन रात्रींचा विचार करावा, असे सुचवतो.

घरगुती निवास निवडल्यास कोणत्या गोष्टी आधी सांगाव्या लागतात?

जेवण. कोकणातील घरगुती निवासात स्वयंपाक माणशी मोजून होतो. रात्री नऊला पोहोचून पदार्थांची यादी मागण्याची पद्धत नाही. किती माणसे, कोण मासे खाणारे, कोण न खाणारे, मुलांना कमी तिखट हवे का, हे दुपारपर्यंत फोनवर कळवावे. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशीच. दिवेआगर, केळशी, गुहागर येथील अनेक घरांत फक्त शाकाहारी जेवण असते आणि बाहेरून मासळी आणून खोलीत खाल्लेली चालत नाही. मासळीसाठीच प्रवास करणाऱ्यांनी हे आरक्षणाच्या वेळीच विचारावे म्हणजे कोणाचाच विरस होत नाही. गरम पाणी, वीज गेल्यावरची सोय, गाडी अंगणात येते की रस्त्यावर ठेवावी लागते, हेही विचारून घ्यावे.

कोणत्या काळात मुक्काम मिळणे अवघड जाते?

दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नववर्ष आणि मे महिना हे उघडच आहेत. परंतु गणेशोत्सव आणि शिमगा यांचा विचार बाहेरच्या प्रवाशाच्या मनात येत नाही. त्या दिवसांत मुंबईचे चाकरमानी गावी येतात, यजमानांचे घर स्वतःच्याच माणसांनी भरते आणि पाहुण्यांच्या खोल्या घरच्यांना लागतात. भाड्याने देण्याची इच्छा असूनही अनेकांना नाही म्हणावे लागते. पावसाळ्यात खोल्या सहज आणि स्वस्त मिळतात. मात्र जंजिरा आणि सिंधुदुर्गाच्या होड्या बंद असतात, वादळी हवेत फेरीबोटीही थांबतात, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असल्याने ताटातली मासळी बहुधा खाडीची किंवा साठवलेली असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत सुखाचा काळ. आंब्यासाठी यायचे असेल तर एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात देवगडचा मुक्काम ठेवावा आणि घामाची तक्रार करू नये.

सगळे मुक्काम आधीच आरक्षित करावेत का?

शुक्रवार आणि शनिवारच्या रात्री आधी ठरवाव्यात, उरलेल्या सैल ठेवाव्यात. शक्य असल्यास प्रवास रविवारी दुपारी सुरू करावा. मुंबईकडे परतणारी गर्दी समोरून येते, मुरूडपर्यंतची खोली रिकामी झालेली असते, आणि पुढचा शनिवार उजाडेपर्यंत आपण गुहागर ओलांडून रत्नागिरीच्या दक्षिणेला, गर्दीच्या टप्प्याबाहेर गेलेलो असतो.

शेवटची रात्र सिंधुदुर्गात काढावी की गोव्यात शिरावे?

वेंगुर्ले किंवा शिरोड्याला काढावी. मालवणहून वेंगुर्ल्यापर्यंतचा रस्ता अर्ध्या दिवसाचाही नाही, त्यामुळे वाटेत निवती आणि खवणे पाहायला भरपूर वेळ राहतो. शिरोड्याला मिठागरे आहेत. १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथेही झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी रेडीच्या गणपतीचे दर्शन घेऊन तेरेखोलचा किल्ला पाहावा, जो नदीच्या महाराष्ट्राकडील काठावर असूनही गोव्याच्या हद्दीत आहे. तिथून केरीला फेरीबोट जाते. ती नको असेल तर आरोंदा–किरणपाणीच्या पुलावरून गोव्यात उतरता येते. परतायचे असल्यास सावंतवाडीमार्गे महामार्ग धरावा आणि एकाच दिवसात मुंबई गाठण्याऐवजी चिपळूणला एक रात्र थांबावे.